राणीछाप रुपयावरचे रंग: वर्षांचे की एका रात्रीचे?

प्रश्न: सप्रेम नमस्कार. सासूबाई गेल्यावर त्यांच्या ट्रंकेत, कापडी कशात बांधलेले चांदीचे रुपये सापडले. काही राणीछाप (व्हिक्टोरिया राणीचे), काही राजाछाप, थोडे त्यानंतरचे. तेव्हापासून मला जुन्या नाण्यांचा नाद लागलाय. गेल्या महिन्यात एका प्रदर्शनात एका विक्रेत्याने १९०१ चा राणीछाप रुपया दाखवला. त्यावर निळा, पिवळा, नारिंगी असे झगझगीत रंग होते. "नॅचरल रेनबो टोनिंग आहे, परदेशातल्या जुन्या अल्बममधून निघालंय," असं तो म्हणाला. त्याच सालाच्या साध्या, चांगल्या रुपयाच्या पाचपट किंमत सांगतो. त्याच्या दोन्ही बाजूंचे फोटो आणि एक छोटा व्हिडिओ सोबत पाठवते आहे, घरच्या रुपयांचेही फोटो आहेत. तो पुन्हा इकडे येणार आहे आणि मी नाणं राखून ठेवायला सांगितलंय. रंग खरे की चढवलेले, हे कसं ओळखायचं? आणखी एक. मुलगा म्हणतो, घरचे रुपये काळे पडलेत, पितांबरीने लख्ख करून टाकू. करू का?
– एक वाचक, सांगली

उत्तर:

ताई, नमस्कार.

आधी घाईचं सांगतो. घरच्या रुपयांना पितांबरी लावू देऊ नका. लिंबू, चिंच, रांगोळी, टूथपेस्ट, काहीही नको. का, ते पुढे येईलच. आणि १९०१ चा तो रुपया मी त्या किमतीला घेणार नाही. राखून ठेवायला सांगितलंय म्हणून घ्यायलाच हवा असं मुळीच नाही. नाणं परत बघायला मागणं आणि बघून नको म्हणणं, हा गिऱ्हाइकाचा साधा हक्क आहे. पण माझ्या 'नको'वर तुम्ही थांबू नये असं मला वाटतं, कारण असे रुपये आता प्रदर्शनांत आणि मोबाइलवर सारखे समोर येतात. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

टोनिंग म्हणजे चांदीच्या पृष्ठभागावर चढलेली रंगछटा. चांदी नुसत्या हवेने काळी पडत नाही, तिला गंधक लागतं. हवेत हायड्रोजन सल्फाइड किंचित का होईना असतंच. ते आणि ओलावा मिळून चांदीच्या पृष्ठभागावर सिल्व्हर सल्फाइडचा थर बसवतात. रंग दिसायला लागतात तेव्हा हा थर जेमतेम केसाच्या जाडीच्या हजाराव्या भागाइतका असतो. थराच्या वरच्या बाजूने परतणारा प्रकाश आणि खालच्या चांदीवरून परतणारा प्रकाश एकमेकांत मिसळतात, आणि थर किती जाड आहे त्यावर आपल्याला कोणता रंग दिसणार ते ठरतं. पावसात रस्त्यावर सांडलेल्या पेट्रोलवर रंग दिसतात, तेही असेच. म्हणजे नाण्यावर निळा रंग असतो असं नाही, निळा दिसेल इतक्या जाडीचा थर असतो.

इथेच खरी अडचण सुरू होते. बनावट टोनिंग करणारा बहुतेक वेळा वेगळं काही लावतच नाही. तोही गंधकच वापरतो. सराफाकडे 'ऑक्सिडाइज्ड' दागिने मिळतात, त्यांचा काळपटपणा गंधकाच्या द्रावणानेच आणलेला असतो. तेच द्रावण पातळ करून नाण्यावर वापरलं की काही सेकंदांत पिवळा, मग जांभळा, मग निळा रंग चढतो. कोणी उकडलेल्या अंड्याच्या बलकाबरोबर नाणं डबीत बंद करून ठेवतं, कोणी ओव्हनमध्ये भाजतं, कोणी बर्नरच्या ज्योतीवर धरतं. त्यामुळे "रंग वरून लावलेला नाही, चांदीतूनच आलाय" असं विक्रेता म्हणाला, तर ते अक्षरशः खरं असू शकतं आणि तरीही टोनिंग बनावट असू शकतं. पदार्थ तोच, फरक आहे तो वेगाचा. एक थर वर्षानुवर्षं बसत गेला, दुसरा एका संध्याकाळीत बसवला. आपल्याला शोधायच्या असतात त्या या वेगाच्या खुणा.

पहिली खूण रंगांच्या क्रमात मिळते. थर जाड होत जातो तसे रंग ठरावीक क्रमाने येतात. आधी फिकट पिवळा, मग सोनेरी-नारिंगी, मग किरमिजी, मग जांभळा, गडद निळा, फिकट आकाशी. त्यानंतर दुसरं आवर्तन सुरू होतं: पुन्हा पिवळा, पुन्हा किरमिजी, आणि तेव्हा कुठे हिरवा. त्याच्या पुढे रंग मळकट होत करडे आणि काळे होतात. थर सावकाश बसला असेल तर त्याची जाडीही नाण्यावर सावकाश बदलत जाते, म्हणून शेजारशेजारचे रंग या क्रमातले शेजारीच असतात. पिवळ्याकडून निळ्याकडे जाताना वाटेत किरमिजी आणि जांभळा लागायलाच हवा, भले तो केसासारखा बारीक पट्टा असो. पिवळा संपला आणि लगेच निळा लागला, मध्ये काहीच नाही, तर तिथे जाडी एकदम उडी मारून वाढलीय. द्रावणाचा थेंब जिथे थांबतो किंवा ज्योत जिथे लागते तिथे असं होतं.

हिरव्याबद्दल विशेष जपा. सल्फाइडचा खरा हिरवा दुसऱ्या आवर्तनातला असतो, म्हणजे त्या जागी थर बराच जाड झालेला असतो. आजूबाजूला गडद किरमिजी, निळे रंग काहीच नाहीत आणि पांढऱ्या चांदीवर एकटा हिरवा डाग आहे, तर ते टोनिंग नव्हे. बहुतेक वेळा ते मऊ प्लॅस्टिकच्या पाकिटातून सुटलेलं चिकट पीव्हीसी असतं, नाहीतर मिश्रधातूतल्या तांब्याचा कळंक. राणीछाप रुपयातही तांबं असतंच: वजन ११.६६ ग्रॅम, चांदी ९१.७ टक्के, राहिलेलं तांबं.

आता तुमचा फोटो. राणीच्या चेहऱ्याची बाजू मोठी करून बघा. राणीच्या गालावर गडद निळा आहे, मोकळ्या भागात नारिंगी-पिवळा, आणि हनुवटीखाली दोन्ही रंग एकमेकांना थेट भिडलेत. जांभळा पट्टा मला कुठेच सापडला नाही. पण त्याहून महत्त्वाचं मला वाटलं ते 'व्हिक्टोरिया' या शब्दापाशी. निळा रंग राणीच्या चेहऱ्याकडून निघून मोकळ्या भागातून सरळ या शब्दावर चढतो आणि पलीकडे उतरतो. अक्षरं मध्ये आलीत याचा त्याला पत्ताच नाही.

नाण्यावर ठसा बसतो तेव्हा धातू अक्षरांच्या आणि कडेच्या खाचांत दाबला जातो, आणि त्या भागातल्या पृष्ठभागाची ठेवण मोकळ्या भागापेक्षा वेगळी होते. सावकाश बसणारा थर हा फरक पाळतो. खऱ्या टोनिंगमध्ये म्हणूनच पुष्कळदा अक्षरांच्या पायाशी बारीक उजळ कड सुटलेली दिसते, अक्षराच्या माथ्यावर एक छटा आणि शेजारी दुसरी. सगळ्या खऱ्या नाण्यांवर ही कड असते असं नाही, पण रंग उंच-सखल काही न बघता धावत सुटला असेल तर मी फार सावध होतो. मला विचाराल तर रंग किती सुंदर आहेत याआधी ते कुठे थांबलेत हे भिंगातून बघायची सवय लावा. सोनाराचं दहापट भिंग पुरेसं आहे.

तुमच्या व्हिडिओत आणखी एक गोष्ट सापडली. मागच्या बाजूला सालाच्या डावीकडे एक आडवा ओरखडा आहे आणि त्याच्या तळाशी रंग आजूबाजूपेक्षा गडद निळा आहे. ओरखडा जर चलनातला, जुना असता तर त्यातही थर बसला असता हे खरं, पण तो शेजारच्या रंगात मिसळून गेला असता. ओरखड्यात द्रावण साचून राहिल्यासारखा गडद रंग, आणि तसाच गडद रंग वेलबुट्टीच्या खाचांत, हे दोन्ही एकत्र दिसलं की माझा विश्वास उडतो.

आता लस्टर, म्हणजे नव्या नाण्याची मूळ चमक. टाकसाळीतून निघालेल्या, न वापरलेल्या नाण्यावर ठशाच्या दाबाने धातू केंद्राकडून कडेकडे वाहिल्याच्या अतिसूक्ष्म रेषा असतात. एका दिव्याखाली नाणं फिरवलं की उजेडाचे पट्टे गोल फिरतात, ते या रेषांमुळे. खरा थर इतका पातळ असतो की हे पट्टे त्याच्यातून दिसत राहतात. रंग आणि चमक एकत्र फिरतात. बनावटीत बऱ्याचदा चमक खाली दबलेली आणि रंग वर तरंगल्यासारखा वाटतो, नाणं फिरवलं तरी रंग जागचा हलत नाही. तुमच्या व्हिडिओत नाणं फिरतंय, पण पट्टा फिरत नाही. व्हिडिओ ट्यूबलाइटखाली घेतलाय म्हणून हा मुद्दा मी पक्का धरत नाही. प्रत्यक्ष बघाल तेव्हा एकच पिवळा बल्ब किंवा खिडकीतून येणारा उजेड घ्या. चारी बाजूंनी एलईडी असलेल्या टेबलावर हे दिसायचं नाही.

राणीच्या गालावरची आणि मुकुटावरची झीज बघा. मला मुकुटाचे बारीक मणी सपाट झालेले दिसतात, म्हणजे रुपया चांगला वापरलेला आहे. हातोहात फिरलेल्या रुपयाचा पृष्ठभाग झिजून त्याच्या वाहत्या रेषा गेलेल्या असतात. असा रुपया वर्षानुवर्षं पडून राहिला की साधारणपणे करडा होतो: खाचांत काळपट, उंचवट्यांवर फिकट. झिजलेल्या गालावर मोरपिशी निळा दिसला की प्रश्न पडायलाच हवा.

अल्बमचं म्हणाल, तर अल्बम टोनिंग ही खरी गोष्ट आहे. अमेरिकेत गेल्या शतकात नाणी ठेवायचे पुठ्ठ्याचे अल्बम होते, त्या पुठ्ठ्यात गंधक असायचं. नाणं भोकात बसवलेलं, त्याची कड पुठ्ठ्याला टेकलेली. साहजिकच गंधक कडेकडून आत गेलं. तिथे रंग कडेला सगळ्यात पुढच्या टप्प्याचे, म्हणजे निळे-किरमिजी, आणि आत येताना सोनेरी होत मध्यभाग जवळजवळ पांढरा राहिलेला, असे वर्तुळाकार पट्टे मिळतात. तुमच्या फोटोतला रुपया नेमका उलटा आहे. गडद निळा मध्यभागी आणि पिवळा कडेला. विक्रेत्याने सांगितलेली गोष्ट आणि नाण्याने सांगितलेली गोष्ट जुळत नाही, आणि अशा वेळी मी नाण्याचं ऐकतो.

थैलीतल्या टोनिंगची गोष्टही तुम्हाला कोणी ना कोणी ऐकवेल, म्हणून तेही सांगून टाकतो. रंगीत चांदीच्या नाण्यांचं वेड मुख्यतः अमेरिकन मॉर्गन डॉलरमुळे वाढलं. हे डॉलर १८७८ ते १९०४ आणि पुन्हा १९२१ मध्ये पाडले गेले. ९०० भाग चांदी, वजन २६.७३ ग्रॅम. लोकांना ते जड डॉलर नकोसे असत, म्हणून लक्षावधी नाणी हजार-हजारच्या कॅनव्हासच्या थैल्यांत बांधून सरकारी तिजोऱ्यांत दशकानुदशकं पडून राहिली आणि १९६० च्या दशकात बाहेर आली. थैलीच्या कापडाला टेकलेल्या नाण्यांवर रंग चढले. एक नाणं दुसऱ्यावर अर्धवट आलं असेल तर झाकलेला भाग पांढरा आणि उघडा भाग रंगीत, मध्ये चंद्रकोरीसारखी कड. काहींवर कापडाची वीणही उमटलेली दिसते. अशा नाण्याला बघून खरोखर जीव हरखतो आणि त्यासाठी जास्त पैसे मोजणाऱ्यांना मी नावं ठेवणार नाही.

पण आपल्या रुपयाचं आयुष्य वेगळं गेलं. तो बाजारात फिरला, शेतसाऱ्यात गेला, मडक्यात पुरला गेला, कमरेच्या कशात राहिला, हुंड्यात आणि सोनाराच्या मुशीत गेला. टाकसाळीतून निघून न वापरता साठ-सत्तर वर्षं कापडात पडून राहिलेले रुपये असणारच, पण फार थोडे. म्हणून एकाच विक्रेत्याच्या ट्रेमध्ये वेगवेगळ्या सालांचे, राणीछाप आणि राजाछाप, आठ-दहा इंद्रधनुषी रुपये दिसले आणि सगळ्यांची निळी छटा सारखीच असली, तर एकेका नाण्याकडे बघायचीही गरज उरत नाही. पुढच्या वेळी त्याचा पूर्ण ट्रे बघायला मागा. मला वाटतं, तुमच्या सगळ्या शंका तिथेच फिटतील.

खरं आणि बनावट या दोनच जातींत सगळी नाणी बसत नाहीत, आणि आपल्याकडे ही तिसरी जात सगळ्यात मोठी आहे. दिवाळीला लक्ष्मीपूजनात रुपये काढायचे, चिंचेने घासायचे, पूजा झाली की पुन्हा पिशवीत बांधायचे, हे घरोघरी चालत आलंय. घासलेली चांदी उघडी पडते आणि पुढच्या वर्षांत ती जास्त लवकर आणि वेडीवाकडी रंगते. हा रंग कोणी फसवायला आणलेला नसतो, तो खराच असतो. पण त्याच्या खाली घासल्याच्या हजारो बारीक रेषा एकाच दिशेने पळताना दिसतात आणि लस्टर कायमचं गेलेलं असतं. अशा रुपयाला लबाडी म्हणू नये, पण त्याला 'नॅचरल टोनिंग'ची किंमतही देऊ नये. तुमच्या १९०१ च्या रुपयावर कपाळाच्या पुढच्या मोकळ्या भागात मला अशा रेषा वाटतात. आधी घासलेला रुपया स्वस्तात घेऊन त्यावर रंग चढवणं, हा या धंद्यातला नेहमीचा मार्ग आहे, कारण रंगाखाली रेषा लपतात.

तुम्हाला ॲसिटोनबद्दल कोणीतरी सांगेल, म्हणून त्याच्या मर्यादा आधीच लक्षात ठेवा. शुद्ध ॲसिटोनमध्ये नाणं थोडा वेळ बुडवलं तर वार्निश, तेल, शाई, चिकट पीव्हीसी हे सगळं निघून जातं आणि चांदीला काही होत नाही. म्हणजे रंग निघून गेला तर तो वरून लावलेला होता हे सिद्ध होतं. पण रंग टिकला म्हणून तो खरा ठरत नाही, कारण गंधकाने बनवलेला सल्फाइडचा थरही ॲसिटोनमध्ये तसाच राहतो. विक्रेत्याने कौतुकाने ॲसिटोनमध्ये बुडवून दाखवलं तर भुलू नका. आणि ही परीक्षा फक्त स्वतःच्या नाण्यावर, खिडकी उघडून, गॅसपासून लांब करा. ॲसिटोन भडकन पेट घेतं. नेलपॉलिश रिमूव्हर चालत नाही, त्यात तेल आणि रंग मिसळलेले असतात. याहून सोपी परीक्षा नाकाची. नाण्याला किंवा पाकिटाला सडक्या अंड्याचा किंवा जळक्याचा वास येत असेल तर काम ताजं आहे.

तुमच्या मनात येईल की अमेरिकेतल्या ग्रेडिंग कंपनीकडून, म्हणजे नाणं पारखून त्याला दर्जाचा आकडा देणाऱ्या कंपनीकडून, शिक्का घेऊन आणला की वाद मिटेल. पीसीजीएस आणि एनजीसी या दोन मोठ्या कंपन्या. रंग संशयास्पद वाटला तर त्या नाण्याला ग्रेडचा आकडा न देता शेरा मारून परत करतात. पण ताई, हा रुपया १९०१ चा आहे. १९७२ च्या पुरावशेष कायद्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुनं नाणं पुरावशेष धरलं जातं आणि ते कोणाही खासगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही. "मी पाठवून देतो, तुम्ही फक्त पैसे द्या" असं कोणी म्हणालं तर त्यात पडू नका. भारतात आधीपासून स्लॅबमध्ये (अशा कंपनीच्या सीलबंद प्लॅस्टिकच्या डबीत) असलेलं नाणं मिळालं तर स्लॅबवरचा क्रमांक कंपनीच्या संकेतस्थळावर टाकून फोटोशी जुळवून घ्या, कारण स्लॅबही बनावट निघतात. आणि स्लॅब म्हणजे ब्रह्मवाक्य नाही. रंगाच्या बाबतीत तो जाणकार माणसाचा अंदाज असतो, आणि एकाच नाण्यावर दोन जाणकारांची दोन मतं पडतात. मीही तुमच्या रुपयाबद्दल फोटोवरूनच बोलतोय, तो हातात घेतलेला नाही.

म्हणून मी एक सोपा हिशोब ठेवतो आणि तुम्हालाही तोच सुचवेन. रंग डोळ्यांआड करून विचारा: हाच रुपया पांढरा असता तर मी त्याला किती दिले असते? तेवढीच रक्कम तुम्ही निश्चिंत मनाने देऊ शकता. त्याच्या वर जे मोजाल ते फक्त रंगाचे पैसे, आणि वर सांगितलेली एकही शंका शिल्लक असेल तर रंगाचे पैसे शून्य. उलट, चढवलेल्या रंगाचं नाणं पांढऱ्यापेक्षाही स्वस्त मिळायला हवं, कारण ते पुन्हा विकताना त्रास होतो. तळाची किंमतही डोक्यात असू द्या. राणीछाप रुपयात साधारण १०.७ ग्रॅम शुद्ध चांदी असते. त्या दिवशीच्या भावाने गुणून बघा.

आता सासूबाईंच्या रुपयांकडे वळू, ज्यांची मला त्या १९०१ पेक्षा जास्त काळजी वाटते. तुम्ही लिहिता ते काळे पडलेत. फोटोतला १९१८ चा राजाछाप बघा: खाचांत काळपट करडा, पंचम जॉर्जच्या दाढीच्या आणि मुकुटाच्या उंचवट्यावर फिकट, मोकळ्या भागात मंद सोनेरी. हेच ते खरं टोनिंग, ज्यासाठी लोक फसवले जातात. त्यात झगमगाट नाही म्हणून ते ओळखू येत नाही एवढंच. हा थर म्हणजे चांदीचाच वरचा भाग सल्फाइडमध्ये बदललेला असतो. घासून तो काढला की तेवढी चांदी आणि ठशाचे बारीक तपशील गेले. पितांबरीनेही तेच होतं आणि बाजारात मिळणाऱ्या डिपनेही (चांदी बुडवून उजळायचं द्रावण). डिप घासत नाही, पण थर विरघळवताना लस्टरच्या रेषा खाते. ॲल्युमिनियमची फॉइल आणि खाण्याच्या सोड्याचा व्हिडिओ मुलाने पाहिला असेल. जेवणाच्या वाट्या-चमच्यांना तो उपाय छान आहे, नाण्यांना नको.

दोन नाण्यांवर लालसर गुलाबी डाग आहेत. ते टोनिंग नाही, पूजेचं कुंकू आहे. डाग सुटा असेल तर डिस्टिल्ड वॉटरमध्ये ठेवून, न चोळता, मऊ कापडावर निथळू द्या. निघाला नाही तर राहू द्या. घरातल्या पूजेची खूण म्हणून तो राहिला तर त्यात काही वाईट आहे असं मला वाटत नाही. एका रुपयावर मधोमध काळी सरळ रेघ आहे ती रबरबँडची. रबरात गंधक असतं आणि ते जिथे टेकतं तिथे काळं करतं. ती रेघ आता तशीच ठेवा, पण बाकीच्यांना रबरबँड लावू नका. वर्तमानपत्र, खाकी पाकीट, लोकरीचं कापड, दागिन्यांची मखमली डबी, मऊ, वास येणारं प्लॅस्टिक, हे सगळं टाळा. कडक ॲक्रिलिकच्या गोल डब्या किंवा पीव्हीसी नसलेली पाकिटं मिळतात. सोबत सिलिका जेलची पुडी ठेवा आणि कपाट स्वयंपाकघराच्या भिंतीला लागून नको. नाणं धरताना कडेने धरा, गालावर अंगठा नको.

त्यातले १९४० ते १९४५ सालचे रुपये वेगळे काढा. महायुद्धात चांदीची टंचाई झाली तेव्हा रुपयातली चांदी निम्म्यावर आणली गेली. उरलेल्यात ४० टक्के तांबं आणि थोडं निकेल, जस्त. हे रुपये मळकट, डागाळ, कधी तांबूस रंगतात. त्यांच्यावरून राणीछापाची पारख करू नका, धातूच वेगळा आहे. १९४७ चा वाघाचा रुपया त्यात असेल तर तो निकेलचा. लोहचुंबकाला चिकटेल.

डोळा तयार व्हायला न छेडलेली नाणी भरपूर बघावी लागतात आणि त्यासाठी ती विकत घ्यावी लागत नाहीत. मुंबईत फोर्टमधलं रिझर्व्ह बँकेचं मॉनेटरी म्युझियम आहे, नाशिकजवळ अंजनेरीला नाणकशास्त्र संस्थेचं संग्रहालय आहे. तिथे काचेपलीकडच्या चांदीच्या नाण्यांवर करडा आणि सोनेरी किती परींचा असतो ते बघत उभं राहा. आणि सुरुवातीला सासूबाईंचेच रुपये रोज एकेक भिंगाखाली घ्या. त्यांच्याइतके विश्वासाचे नमुने तुम्हाला कुठे विकत मिळायचे नाहीत, कारण ते कुठून आले ते तुम्हाला माहीत आहे.

विक्रेता परत आला की भिंग, टेबललॅम्प आणि साधा वजनकाटा जवळ ठेवा. वजन ११.६६ ग्रॅमच्या आसपास हवं. झिजेमुळे थोडं कमी चालेल, जास्त चालणार नाही. नाणं पाकिटातून काढून बघू द्या म्हणा, वास घ्या, पूर्ण ट्रे मागा. मग त्याला सरळ विचारा: पावतीवर 'नैसर्गिक टोनिंग, बनावट निघाल्यास पूर्ण रक्कम परत' असं लिहून देणार का? लिहून देत असेल आणि पांढऱ्या रुपयाच्या किमतीत देत असेल, तरच पुढचं बोलणं करा. लिहून देत नसेल तर पैसे जपून ठेवा आणि दुसऱ्या एखाद्या टेबलावरचा साधा, चांगला १९०१ बघायला मागा. त्याचे फोटो मला पाठवले तर आवडेल.